तेक्लाचा छत्तिसावा हिवाळा

फोनवर डॅरिल मस्क्वा इतका भराभर बोलत होता की विल्मा ड्रीगरने त्याला दोनदा थांबवलं.

"आधी श्वास घे. काय गेलं?"

"वही. तेक्लाची वही. आणि सगळे म्हणताहेत, मी घेतली."

"सगळे म्हणजे कोण?"

"आर्नी मोठ्याने म्हणतोय. बाकीचे गप्प बसून म्हणताहेत."

विल्माने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. "कार्यक्रम किती वाजता?"

"सातला."

"वीस मिनिटांत येते. तोपर्यंत कोणी बर्फावर पाय ठेवायचा नाही. तूसुद्धा नाही."

विल्माने बावीस वर्षं गारपिटीच्या विम्याची तपासणी केली होती. गव्हाच्या शेतात गुडघ्यावर बसून, कुठलं रोप गारांनी मोडलंय आणि कुठलं मालकाने, हे ती सांगायची. नोकरी संपली तरी लोक विचारायला येत राहिले. मग तिने खाजगी तपासाचा परवाना काढला. तिची गाडी चालवायचा एल्मर स्टॅडनिक, तिच्या बहिणीचा नवरा. जन्मभर त्याने धान्याच्या कोठारावर वजनं केली होती. बायको जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि तेव्हापासून घरात एका जागी बसणं त्याला जमत नव्हतं. गाडी चालवताना निदान बसायला काहीतरी कारण असायचं.

एल्मरने इंजिन गरम ठेवणारी वायर खांबावरून काढून गुंडाळली. बाहेर उणे एकतीस होतं. वारा रस्त्यावरून बर्फाचा भुगा आडवा ओढत होता.

"एका वहीसाठी एवढी धावपळ?" त्याने विचारलं.

"जिल्ह्याची सन्मान भिंत माहीत आहे ना तुला? दर वर्षी तीन पाट्या लागतात. एक खेळाडू, एक प्रशिक्षक, आणि एक खेळ उभा करणारा. यंदा तिसरी पाटी तेक्ला ओलेक्सिनची. केल्मरच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या, शेडमध्ये छत्तीस हिवाळे तिने बर्फ बनवला. एप्रिलमध्ये गेली."

"मग?"

"शेजारच्या गावाने हरकत घेतली. त्यांना त्यांचा माणूस हवा होता. म्हणाले, छत्तीस वर्षांचा पुरावा काय? पुरावा म्हणजे ती वही. रोजचा बर्फ तिने लिहून ठेवला होता. सात वाजता वही टेबलावर असली तर पाटीवरचं कापड निघणार. नसली तर नाव वगळणार."

"पुढच्या वर्षी घेतील."

"एकदा वगळलेलं नाव पुन्हा घेत नाहीत, एल्मर."

एल्मरने गाडीचा वेग वाढवला.

केल्मरच्या शेडच्या दाराशी बुटांची रांग होती. दोघांनी बूट काढले, कोट खुंटीला अडकवले आणि मोज्यांवर जिना चढून आत गेले. बैठकीची खोली तापवून ठेवलेली होती. स्वयंपाकघरात बायका बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी उकडत होत्या, तळलेल्या कांद्याचा वास होता. एका भिंतीला मोठी काच होती आणि काचेपलीकडे, खाली, बर्फाचे दोन लांब पट्टे, शेजारी शेजारी, शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले. त्या टोकाच्या भिंतीवर नावांच्या पाट्या. एका पाटीवर निळं कापड. खाली छोटं टेबल, टेबलावर काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी. झाकण उघडं होतं.

डॅरिल पुढे आला. चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. त्याने डाव्या हाताने किटली उचलून दोघांना कॉफी ओतून दिली. बशीत थोडी सांडली.

"मी तिच्याकडे शिकलो," तो म्हणाला. "मीच तिची वही चोरेन का?"

"काय झालं ते क्रमाने सांग."

"दोनला समितीच्या लोरेनने वही पेटीत ठेवली. मग मी दोन्ही पट्टे खरवडले आणि दाणे टाकले."

"दाणे?" एल्मर म्हणाला.

"पाण्याचे. बर्फ आरशासारखा गुळगुळीत असला तर दगड सरकत नाही, चिकटतो. म्हणून वरून थेंब शिंपडायचे. ते गोठले की त्यांच्यावरून दगड धावतो. पाठीवर टाकी, हातात नळी, नळीला झारीचं तोंड. त्या टोकापासून सुरुवात करायची आणि उलट्या पावलांनी मागे मागे या टोकाला यायचं. पाय पडतो तो कोऱ्या बर्फावर. दाणे पडतात ते समोर."

"म्हणजे टाकणाऱ्याचे ठसे राहत नाहीत," विल्मा म्हणाली.

"नाही राहत. पण नंतर कोणी चाललं तर लगेच दिसतं. दाणे चिरडतात. मी दोन चाळीसला संपवलं. चारला पेपरच्या बातमीदाराने लांबच्या भिंगातून फोटो काढायला बघितलं, तर पेटी रिकामी. बर्फावर एक ठसा नाही. त्या टोकाचं मागचं दार बाहेर उघडतं, बाहेर गुडघाभर बर्फ साचलाय, त्यावरही काही नाही. मग आर्नी म्हणाला, तिथे शेवटचा गेलेला माणूस तूच."

"म्हणालो, आणि पुन्हा म्हणतो," मागून आवाज आला.

आर्नी टॉर्गरसन त्र्याहत्तर वर्षांचा होता, उंच, ताठ. प्रशिक्षक म्हणून आज त्याचीही पाटी लागणार होती. सदऱ्यावर फूल आधीच खोचलेलं होतं.

"तुमचा काय संबंध होता वहीशी?" विल्माने विचारलं.

"काही नाही. पाणी शिंपडायचा हिशोब होता तो. मी मुली घडवल्या. एकोणीसशे सत्त्याऐंशीला याच शेडमधून चार मुली राष्ट्रीय स्पर्धेला गेल्या. ती पाटी बघा, डावीकडून तिसरी."

एल्मरने काचेला नाक लावलं. "पेनर संघ. हे मोठ्या अक्षरात. बाकी तिघींची नावं मुंगीएवढी. त्यांनी काय पाप केलं होतं?"

"तुम्ही खेळला नाहीत वाटतं कधी," आर्नी म्हणाला. "कप्तान पलीकडच्या टोकाला उभा राहून खुणा करतो. दगड सोडणारे इकडे. सोडो कोणीही, संघ कप्तानाच्या नावाचा. शंभर वर्षं असंच चाललंय."

"आणि वाद झाला तर?"

"पंच नसतो आमच्याकडे. चालत्या दगडाला पाय लागला तर ज्याचा लागला तो स्वतः हात वर करतो. दुसऱ्याने सांगायची वेळ येऊ देत नाही." त्याने डॅरिलकडे पाहिलं. "निदान पूर्वी देत नव्हते."

डॅरिलचे कान लाल झाले.

"सत्त्याऐंशी सालाबद्दल वहीत काय होतं?" विल्माने विचारलं.

आर्नीने खोचलेलं फूल सरळ केलं. "मला काय माहीत."

"माहीत असावं असं वाटतं."

"बरं. तेक्ला मुलींना रोज सकाळी बर्फ वाचायला शिकवायची. कुठे वळेल, कुठे मंदावेल. तेही लिहिलं असेल तिने. असू दे की. ते पान मी नऊ वर्षांपूर्वी वाचलंय, तिनेच दाखवलं होतं. त्यासाठी मी चोरी करीन, या वयात?"

"बर्फ बनवता येतो तुम्हाला?"

"त्यात बनवायचं काय? टाकीत नळाचं गार पाणी भरायचं आणि शिंपडत सुटायचं. माळ्याचं काम."

डॅरिलच्या तोंडून एक आवाज निघाला.

"तीन ते चारमध्ये कुठे होतात?"

"तीन ते साडेतीन सगळे शेजारी चर्चच्या तळघरात होतो. भाषणांची तालीम. मी मध्ये उठलो गाडी चालू करून यायला. या थंडीत चार तास बंद ठेवली तर घरी चालतच जावं लागेल."

लोरेन पेनर स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, शाळेची मुख्याध्यापिका आणि सन्मान समितीची अध्यक्ष. पाटीवरच्या पेनर संघाची कप्तान तीच. तिच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. ती बोलताना तो सारखा उघडत मिटत होती.

"मला दोष देऊ नका," विल्माने काही विचारायच्या आत ती म्हणाली. "नियम मी केले नाहीत. जिल्ह्याची माणसं साडेसहाला येतील. वही नसेल तर मला ती पाटी झाकलेलीच उतरवावी लागेल. तिच्या नवऱ्याच्या, वासिलच्या समोर."

"वही वाचली होती तुम्ही?"

"पहिली दहा-बारा पानं. काल वासिलने आणून दिली. पहिलं पान उघडं ठेवून बंद काचेखाली मांडायची, असं ठरलं होतं. पण आज जेवताना मला वाटलं, हे कोरडं होतंय. म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितलं की कापड काढायच्या आधी शेवटचं पान वाचून दाखवू. तिचा शेवटचा हिवाळा. लोकांना रडू येईल, चांगलं होईल."

"शेवटचा हिवाळा कसा होता तिचा?"

लोरेनने कागद मिटला. "वाईट. काठी घेऊन चालायची. वासिलचा हात धरून रोज पहाटे पाचला इथे यायची. पण बर्फ पाहिला असता तुम्ही! इतक्या वर्षांत तसा नव्हता."

"डॅरिल मदत करत असेल?"

"मी उत्तरेला खाणीवर होतो," डॅरिल म्हणाला. "अख्खा तो हिवाळा. ऑगस्टमध्ये परत आलो, तेव्हा ती नव्हती. ती आजारी आहे हेसुद्धा तिने मला कळू दिलं नाही. कळवलं असतं तर आलो असतो ना मी." तो खिडकीकडे वळला.

"तीन ते साडेतीन तुम्ही?" विल्माने लोरेनला विचारलं.

"तालीम घेत होते. चाळीस लोक साक्षीला आहेत. पेरोगी बघायला दोन मिनिटं इकडे आले तेवढंच."

काचेजवळ एक जुनी, उशी टाकलेली खुर्ची होती. तिच्याशेजारी एक उंच म्हातारा उभा होता. खुर्ची रिकामी असून तो बसला नव्हता. हाच वासिल ओलेक्सिन, तेक्लाचा नवरा. एक्क्याऐंशी वर्षं. खोलीत सगळे सदऱ्यावर होते, त्याने मात्र जाड कोट अंगावर ठेवला होता, गळ्यापाशी तेवढा उघडा, आत नुसती कॉलर. कपाळावर घाम होता.

"ही तिची खुर्ची?" विल्माने हळूच विचारलं.

"हो."

"वही सापडावी असं तुम्हाला वाटत असेल."

"तिचं नाव लागावं असं वाटतं." तो थांबून थांबून बोलत होता. "पाटी कोरून झाली आहे. मी पाहिली. छत्तीस हिवाळे असं लिहिलंय."

"तालमीला होतात?"

"थोडा वेळ. मग घरी गेलो. लोरेन म्हणाली टाय घाला. टाय आणायला गेलो."

"तुम्हाला बर्फातलं कळतं का?"

उत्तर आर्नीने दिलं. "वासिलला? ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले त्याने चाळीस वर्षं. तेक्ला म्हणायची, याला फ्रीजमधला बर्फही जमत नाही."

वासिल किंचित हसला. "म्हणायची खरी."

एल्मरला त्याच्याकडे बघवेना. त्याने कॉफीचा कप ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. वाऱ्याने शेडचा पत्रा धडधडला. पावणेपाच झाले होते.

"एल्मर, चल," विल्मा म्हणाली. "डॅरिल, तुझी टाकी दाखव."

बूट चढवून काचेखालच्या दारातून ते शेडमध्ये उतरले. आत श्वासाची वाफ दिसत होती. कडेला पाण्याची खोली होती. तिथे एक मोठा बंब आणि भिंतीवरच्या आकड्याला पट्ट्यांनी अडकवलेली तांब्याची टाकी.

"उचल," विल्मा म्हणाली.

एल्मरने टाकीला हात घातला आणि कण्हला. "अरे देवा. यात काय शिसं भरलंय?"

"अजून अर्धीच आहे," डॅरिल म्हणाला. "भरली की एका लहान मुलाएवढी होते." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "अर्धी कशी? मी रिकामी करून टांगली होती."

"आणि बरं वाटतंय हातांना," एल्मर म्हणाला. "कोमट आहे."

विल्माने स्वतः हात लावून पाहिला. मग डॅरिलकडे वळली. "तू पाणी कसं भरतोस?"

"कढत. गरम पाण्याचा दाणा काचेच्या मण्यासारखा घट्ट बसतो. गार पाण्याचा पांढरा पडतो आणि दगडाखाली सुटून येतो. आर्नीने मघाशी सांगितलं तसं केलं तर दहा मिनिटांत पट्टा वाया."

"ही टाकी पाठीवर घेऊन दाखव."

डॅरिलने पट्ट्यांत हात घातले. टाकी त्याच्या मांड्यांपर्यंत लोंबली. नळी उजव्या बाजूने पुढे आली होती. त्याने ती सवयीने डाव्या बाजूला घेतली आणि थबकला. "पट्टे कोणीतरी शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेत."

विल्मा बाहेर बर्फाकडे गेली. पट्ट्याच्या टोकाशी जाऊन ती पोटावर आडवी झाली, गाल बर्फाच्या अगदी जवळ नेला आणि बॅटरीचा झोत सपाट धरला. एल्मर तिच्याशेजारी कष्टाने वाकला.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

"दाणे. चमकताहेत. छान आहेत."

"आता उजवा पट्टा बघ. भिंतीकडची बाजू."

"तेच की." मग तो म्हणाला, "तिथे दाट आहेत. दाण्यावर दाणे. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि रंग?"

"काचेसारखे. एकही पांढरा नाही." तो उठून बसला. "म्हणजे डॅरिलने त्या बाजूला दोनदा टाकले?"

"दाण्यांवरून चालून गेल्याशिवाय डॅरिलला दुसऱ्यांदा टाकता आलं नसतं. आणि तो ते कशाला करील? त्याला वही घ्यायची असती तर पहिल्या वेळीच खिशात टाकून मागे मागे आला असता."

एल्मरने बराच वेळ विचार केला. "मग दाणे टाकता येणारा दुसरा माणूस हवा. पण तशी तर एकटी तेक्लाच होती."

"हो," विल्मा म्हणाली. "तिथेच मीही अडले होते."

ती उठली, कपडे झटकले आणि वरच्या काचेकडे पाहिलं. काचेमागे रिकामी खुर्ची दिसत होती, आणि तिच्याशेजारी कोट घातलेला म्हातारा. तिथून दोन्ही पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत असणार. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. "सगळ्यांना खाली बोलाव. लोरेन, आर्नी आणि वासिल, एवढेच. बातमीदार नको."

पाण्याच्या खोलीत दाटीवाटीने सगळे उभे राहिले. सहाला दहा कमी होते. बाहेर अंधार झाला होता. लोरेन घड्याळाकडे बघत होती, आर्नी भिंतीला टेकला होता. डॅरिल टाकीशेजारी, वासिल दाराजवळ. एल्मर आत बाहेर करत होता, विल्माने त्याला बाही धरून उभं केलं.

"डॅरिलने वही घेतली नाही," विल्माने सुरुवात केली. "टाकी पावणेपाचला कोमट होती. इतक्या थंडीत दोन चाळीसची टाकी तोपर्यंत गारठून जाते. म्हणजे तीननंतर ती कोणीतरी पुन्हा भरली. उजव्या पट्ट्यावर भिंतीच्या बाजूने दाण्यांचा दुसरा थर आहे. तो माणूस टाकी पाठीवर घेऊन डॅरिलच्या दाण्यांवरून चालत गेला, वही घेतली, आणि आपलीच पावलं झाकत उलटा परत आला."

"डॅरिलच," आर्नी म्हणाला. "दुसऱ्या कोणाला येतं?"

"डॅरिल डावखुरा आहे. कॉफी ओततानाही पाहिलं तुम्ही. नळी उजव्या बाजूला होती. आणि टाकीचे पट्टे उंच माणसासाठी सैल केलेले होते. डॅरिल आणि लोरेन दोघंही त्यात बुडतील."

आर्नी भिंतीपासून सरळ झाला. या खोलीत उंच माणसं दोनच होती.

"तुम्ही नाही," विल्मा त्याला म्हणाली. "तुम्हाला वाटतं दाणे गार पाण्याचे टाकतात. हे कढत पाण्याचे आहेत आणि उत्तम बसलेत. शिवाय तुमचं पान सत्त्याऐंशीचं, ते जुनंच आहे. आज दुपारी नवीन एकच गोष्ट घडली. शेवटचं पान वाचायचं ठरलं. वही बंद काचेखाली राहणार होती तोवर कोणाला काही अडचण नव्हती. जेवण झालं आणि तीन तासांत ती गेली. ज्याला शेवटच्या पानाची भीती होती, त्याने नेली."

पत्रा वाजत होता.

"एल्मरला ही टाकी अर्धी असताना उचलवत नाही. तेक्ला शेवटच्या हिवाळ्यात काठीवर चालत होती. डॅरिल खाणीवर होता. तरी बर्फ आजवरचा उत्तम. मग ही टाकी रोज पहाटे कोणाच्या पाठीवर होती?"

लोरेनने तोंडावर हात नेला.

विल्माचा आवाज खाली आला. "मला अजून सांगता येईल. टाय आणायला गेलेला माणूस टायशिवाय का परतला, आणि उकडणाऱ्या खोलीत कोट का काढत नाही. पण मघाशी आर्नीने तुमच्या खेळाची एक रीत सांगितली. मला वाटतं, इथे मी थांबावं."

मग दाराजवळ वासिल ओलेक्सिनने उजवा हात वर केला, खेळाडू करतात तसा, खांद्यापर्यंत.

दुसऱ्या हाताने त्याने कोटातून वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, रबराने बांधलेली.

"डॅरिल," तो म्हणाला, "तुझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगतो. ते ओरडायला लागले तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. माफ कर."

"पण ठसे झाकलेत ना तुम्ही," लोरेन म्हणाली.

"ठसे झाकायला नाही गं." वासिलला हे समजावून सांगावं लागतंय याचंच आश्चर्य वाटलं. "संध्याकाळी तिच्यासाठी पहिला दगड सुटणार. त्या बर्फावर माझ्या बुटांचे खड्डे ठेवून कसा जाऊ? तिने मला घरात घेतलं नसतं."

डॅरिलने मान खाली घातली. तो हसत होता की काय ते एल्मरला कळेना.

"तिला ऑक्टोबरमध्ये सांगितलं डॉक्टरांनी," वासिल म्हणाला. "ती म्हणाली, हा हिवाळा पुरा करायचा. टाकी उचलेना. म्हणाली, तू उचल. ती वर खुर्चीत काचेमागे बसायची आणि मी वळून बघितलं की हाताने सांगायची. पंजा म्हणजे थांब. मूठ म्हणजे हळू. हात खाली म्हणजे चल. पहिले पंधरा दिवस मी सगळा बर्फ बिघडवला आणि पुन्हा केला. लोकांनी तिला दुबळं बघू नये म्हणून मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. बोटं थरथरायची म्हणून वहीही मीच लिहिली. पहिल्या पानावर तिचं अक्षर, शेवटी माझं. वाचलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना. शेजारच्या गावाचे म्हणाले असते, छत्तीस कुठे, पस्तीसच. पाटी खोटी ठरली असती."

"वही नाही म्हणूनही पाटी उतरलीच असती," आर्नी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"ते कळलं मला नंतर. मी घाबरलो होतो, आर्नी. घाबरल्यावर माणूस दोन पावलं पुढचं बघत नाही."

लोरेनने वही घेतली आणि शेवटची पानं उघडली. अक्षरं मोठी, वाकडी, पेन्सिल दाबून काढलेली. ती वाचत राहिली. मग हळू म्हणाली, "मी काय करू आता? अक्षर तिचं नाही. जिल्ह्याची माणसं अर्ध्या तासात येतील. मला खोटं बोलता येणार नाही, वासिल."

"नको बोलूस."

वासिल कोटाची बटणं लावायला लागला, घरी निघाल्यासारखी. शेवटचं बटण त्याला सापडत नव्हतं.

"एक विचारू का?" एल्मर म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो ओशाळला. "मला या खेळातलं काही कळत नाही. पण मघाशी तुम्हीच म्हणालात ना, एक जण लांबून खुणा करतो आणि दगड दुसराच सोडतो. मग ती वर बसून खुणा करत होती. हा खाली करत होता." त्याने पाट्यांच्या दिशेने अंगठा दाखवला. "तसा हिवाळा तुमच्यात कोणाच्या नावावर लिहितात?"

लोरेनने मान वर केली. तिने दारातून पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं, जिथे तिचं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि तिघींची नावं खाली.

"कप्तानाच्या," ती म्हणाली.

"शंभर वर्षं," आर्नी पुटपुटला. मग घसा साफ करून मोठ्याने म्हणाला, "जिल्ह्याच्या माणसांशी मी बोलतो. सगळे खेळलेत ते. हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही." तो डॅरिलसमोर गेला. ताठ माणसाला वाकायला वेळ लागतो. "मी मघाशी जे बोललो, ते सगळ्यांसमोर मागे घेतो. आज रात्री माइकवर. चालेल?"

"कॉफी पाजा," डॅरिल म्हणाला. "गार पाण्याची नको."

सात वाजता शेडमध्ये दीडशे माणसं कोट घालून कडेने उभी होती. आर्नीने शब्द पाळला. आधी डॅरिलची माफी मागितली, मग सत्त्याऐंशीच्या मुलींना सकाळी कोण शिकवायचं तेही सांगितलं, जे त्याला कोणी विचारलं नव्हतं. लोरेनने वही उघडली. ती कोणाच्या अक्षरात आहे आणि का, हे आधी सांगितलं. जिल्ह्याची तीन माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत होती. मग तिने शेवटच्या पानावरची शेवटची नोंद वाचली.

"चौदा मार्च. बाहेर उणे नऊ. दाणे दोनदा. बर्फ चांगला. ती हसली."

एवढंच होतं. एल्मर बाहेर जायला वळला, मग गेला नाही.

पहिला दगड घरच्या माणसाने सोडायचा. वासिलला आता वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने म्हाताऱ्यांची लांब काठी घेतली, तिचं टोक दगडाच्या मुठीवर बसवलं आणि उजव्या पट्ट्यावर उभा राहिला. डॅरिलने दाट थर खरवडू का म्हणून विचारलं होतं. विल्मा म्हणाली होती, राहू दे.

माणसं वाट बघत होती. वासिल दगड सोडेना. तो वळून मागे, वर, काचेकडे बघत होता. खुर्ची रिकामी होती.

माणसांत चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी खोकलं.

"काय झालं त्याला?" एल्मर कुजबुजला.

विल्माने वरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. माइक बंद झाल्याचा आवाज आला आणि जिन्यावर पावलं वाजली. मग काचेमागे लोरेन पेनर दिसली. खुर्चीत न बसता ती तिच्याशेजारी उभी राहिली. तिने आधी पंजा दाखवला. वासिल स्थिर उभा राहिला. मूठ. त्याने काठीवरची पकड सैल केली.

मग तिने हात खाली आणला.

दगड सुटला. दाट दाण्यांवरून तो घरघरत निघाला, भिंतीकडे जराही न कलता, आणि थेट निळ्या कापडाखाली जाऊन थांबला.